मंगळ्याचा बाप

मंगळ्याइतका खोटारडा माणूस अख्ख्या शिंदखेड्यात दुसरा झाला नाही, आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने थापा मारणाराही. मंगळ्या हे त्याचं खरं नाव नव्हे. पाचवीत गुरुजींनी वडील काय करतात असं विचारलं, तेव्हा हा ताडकन उभा राहून म्हणाला, "मना बाप मंगळवर शे." नाव पडलं ते पडलंच.

खरी गोष्ट गावाला ठाऊक होती. त्याच्या बापाने सुरतेत दुसरा संसार थाटला होता. माझे वडील, नाना, कापड आणायला तिकडे जायचे. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. "त्या पोराजवळ एक शब्द बोललास तर याद राख," असा दम नानांनी मला भरला होता. मग काय! रोज संध्याकाळी मंगळ्याच्या घराच्या धाब्याच्या छतावर बसून आम्ही दोघं त्याच्या बापाच्या यानाची वाट बघायचो. उशिराचं कारण याच्याकडे रोज नवं. "पेट्रोल सरनं व्हई," म्हणजे संपलं असेल, असंसुद्धा सांगायचा, आणि मी मान डोलवायचो. ती मान घरी जाईपर्यंत दुखायची.

आता हे महाशय धुळ्यात प्राध्यापक आहेत आणि त्यांनी विज्ञान कादंबरी लिहिली आहे. तीही साहित्यिक! म्हणजे निम्म्या पुस्तकापर्यंत कोणी कोणाशी धड बोलत नाही. मंगळावरची माणसं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खातात. भांडीकुंडी तरंगतात, ठेचा मात्र ताटातच बसून राहतो. दोन बालमित्र, हरवलेलं यान, आणि शेवटी काय, तर बाप मंगळावर गेलेलाच नसतो. कव्हरवर छापलंय, 'दडलेल्या सत्याची कहाणी'. दडलेलं म्हणे! शिंदखेड्याच्या स्टँडवर चहावाल्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

पण हसता हसता मी पुस्तक मिटलं. याला कळलंय! म्हणजे मला माहीत होतं हेही कळलं असणार. इतकी वर्षं मी त्याची गंमत बघत बसलो, असं त्याला वाटलं तर? एवढा एकच जिवाभावाचा मित्र माझा. तडक धुळं गाठलं. त्याने गच्चीवर चहा दिला.

"तुला कधी कळलं रे?" मी विचारलं.

"पाचवीत. गुरुजींनी विचारायच्या आदल्या दिवशी."

"मग रोज वर कशाला बघत बसायचास?"

"मी कुठं बघायचो? तू बघायचास. इतक्या जिवाने बघायचास, की तुझा हिरमोड करवेना."

लबाड लेकाचा! कचकचीत शिवी हासडणार होतो, पण राहिलं. ओले झालेले डोळे त्याला दिसू नयेत म्हणून मी मान वर केली.

तर हा लगेच विचारतो, "काय रे, दिखनं का यान?"