साहित्याचा रकाना

चूक माझीच. मैदानाच्या परवानगीच्या अर्जात ‘साहित्याचा तपशील’ असा एक रकाना होता, आणि रिकामा रकाना दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. म्हैसूरजवळ बेळगोळच्या कारखान्यात मी माल तपासतो. तिथे एक ओळ कोरी राहिली तर साहेब अख्खी गाडी परत पाठवतात. तेव्हा मी मन लावून लिहिलं: खुर्च्या पन्नास, शामियाना एक, दांडपट्टे सहा, पात्याची लांबी चार फूट, धार दोन्ही बाजूंना. धारेची माहिती मोबाईलवर शोधली होती. प्रत्यक्षातले पट्टे खालच्या मजल्यावर भिंतीला टांगलेले होते आणि त्यांच्याने काकडीही कापली गेली नसती. जिना उतरून एकदा बोट लावून पाहावं, एवढं काही मला सुचलं नाही.

पट्टे माझ्या घरमालकांचे. दत्तोजीराव, वय चौऱ्याहत्तर, मंडी मोहल्ल्यात दुमजली घर. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. माझी मराठी ऐकून ते म्हणायचे, “तुझं मराठी बातम्यातलं रे. आईकडं जेवायला मागतो, तेव्हा पण असंच सांगतो काय?”

नोकरी बत्तीस वर्षं शहराच्या कचेरीत, तीही नेमकी सभा-समारंभांच्या परवानगीच्या टेबलावर. गणपती, ऑर्केस्ट्रा, कुत्र्यांचं प्रदर्शन, सगळं त्यांच्या शिक्क्याखालून गेलेलं. कुणी अर्जात पाल्हाळ लावलं की कागद परत सरकवायचे. “विचारलं तेवढंच लिवा. कागदाला गप्पा आवडत नाहीत.” खोटं लिहू द्यायचे नाहीत, जास्तही नाही. स्वतःसाठी मात्र त्यांनी जन्मात कधी अर्ज केला नव्हता. हा पहिलाच.

कारण असं, की त्यांच्या घराण्यात पट्टा वारसाच्या हातात चढवतात तो खंडेनवमीला, उघड्या मैदानात, चार लोकांसमोर. दत्तोजीरावांना त्यांच्या वडिलांनी तसाच दिला होता. मुलगा राघवेंद्र म्हणाला, “अप्पा, मला गाडीची किल्ली द्या, पट्टा नको.” नातीनं मात्र हात पुढे केला. भव्या तीन वर्षं गच्चीवर शिकली, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये. बोथट पात्यानंही माझा एक शर्ट कामी आला. दसऱ्यानंतरच्या सोमवारी ती हैदराबादला नोकरीवर हजर होणार होती. म्हणजे हीच नवमी.

अर्ज हल्ली कॉम्प्युटरवर. “इंजिनियर, तू भर. मी सांगतो तसं,” ते म्हणाले. मी इंजिनियर नाही, डिप्लोमावाला आहे, पण ते ऐकायचे नाहीत. मी म्हटलं, “काका, तुम्ही जेवून घ्या, मी बघतो.” ते विश्वासानं जेवायला गेले. परत येऊन त्यांनी छापलेल्या कागदावर न वाचता सही केली. अख्ख्या आयुष्यात न वाचता केलेली ती त्यांची एकच सही असावी.

नवमीला आठ दिवस उरले असताना नकार आला. आम्ही कचेरीत गेलो. त्यांच्याच जुन्या टेबलावर सौम्या होती, त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्यांना पाहून ती उठून उभी राहिली आणि मग कानकोंडी झाली.

“सर, धारेची शस्त्रं म्हटल्यावर पोलिसांचं वेगळं पत्र लागतं. तुम्हीच शिकवलंय.”

“हौदु,” ते म्हणाले. खरंय.

“त्यांना धार नाहीये हो मॅडम!” मी मध्येच.

“मग लिहिलं कुणी?”

मी तोंड उघडलं. त्याआधी दत्तोजीराव बोलले, “मी. अर्ज माझा, सही माझी.”

नव्या अर्जाला पंधरा दिवस लागणार होते. ते कुठून आणणार?

संध्याकाळी त्यांचे दोस्त नरसिंगराव पायरीवर येऊन बसले. “पहाटे मैदान मोकळं असतंय. दहा मिनटाचं काम. कोण बघतंय, दत्तू?”

“कोणी बघत नसेल तर द्यायचा कशाला?” दत्तोजीराव म्हणाले. “एका सहीसाठी मी कॉलेजच्या पोरांचं नाटक थांबवलंय रे. पडदा लावून उभी होती पोरं. त्यांना काय सांगू?”

नवमीला घरातच पट्ट्यांना हळदकुंकू लागलं. भव्या कमरेला ओढणी बांधून, हात पुढे करून उभी राहिली.

“अज्जा, इथंच द्या की.”

“घरात दिला तर या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला, अष्टे, एवढंच.”

“मग अर्ज नीट बघून का नाही दिला? एवढी वर्षं दुसऱ्यांचे बघत होता ना?”

“विसरलो गं. वय झालं आता.”

मी प्रसादाच्या कोसंबरीचा, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीचा, द्रोण धरून दारात उभा होतो. बोल, आत्ता बोल, असं स्वतःला सांगत होतो. मग एक घास खाल्ला. भव्या माझ्या बाजूनं जिना चढून गेली, तोवर द्रोण रिकामा झाला होता.

दुरुस्त अर्जाची मंजुरी महिन्याभरात आली. भव्याला ट्रेनिंगमधून सुट्टी मिळाली नाही, आणि नवमी तर होऊनच गेली होती. उन्हाळ्यात दत्तोजीरावांचं मनगट सुजलं. आता पट्ट्याची मूठ त्यांच्या हातावर चढत नाही. रविवारी तेल लावतात, चढवून बघतात आणि परत टांगतात. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परवा भव्याचा मेसेज आला. “अण्णा, यंदा अज्जांना अर्जाची आठवण करा. मागच्या वर्षीसारखं विसरतील. मला अजून राग येतो त्यांचा.”

मी लिहिलं, “ते विसरले नव्हते.” बघत बसलो. पुसलं. “करतो आठवण,” असं पाठवलं.

खालून हाक आली, “इंजिनियर, अर्ज भरायला ये! साहित्यात काय लिवायचं, ठाऊक आहे न्हवं?”

“बोथट पट्टे, सहा!”

“शाणा झाला!” ते हसले.

मी खाली गेलो आणि सगळे रकाने त्यांना वाचून दाखवत भरले. भव्याला पाठवायची ती एक ओळ तेवढी अजून माझ्याकडेच आहे.