वेलांटीचं बोट

श्यामकांत टिपणीस बोलायला बसले की त्यांची बोटं मांडीवर हलत असायची. लग्न होऊन मी अंबरनाथला आले, तेव्हा समोरच्या खोलीतले हे गृहस्थ सतत जप करतात असंच मला वाटलं होतं. त्यांची बायको शालनताई म्हणाली, "जप कसला? आपण बोलतो ते टाइप करतायत. माझी भांडणंसुद्धा टाइप होतात."

टिपणीस भाऊजी एका कारखान्यात मराठी टंकलेखक होते. कामगारांच्या नोटिसा त्यांच्या हातून जायच्या. कारखाना बंद झाल्याची नोटीसही त्यांनीच टाइप केली. "एक खाडाखोड नाही," हे ते नंतर कितीतरी वर्षं सांगत. मग ब्याण्णव साली उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या परसराम शेठ या सिंधी मालकाच्या छापखान्यात लागले. शेठनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर मराठी लग्नपत्रिका करायला माणूस हवा होता. भाऊजी पहिल्या दिवशी घाबरूनच गेले. पण मराठीचा प्रोग्रॅम चालू झाला की आधी विचारायचा, कीबोर्ड कुठला हवा? त्यात टाइपरायटरचाही होता. संध्याकाळी परत आले ते खुशीत. "वहिनी, घर तेच आहे हो. नुसता रंग नवा दिलाय."

पत्रिकांची प्रुफं वाचायचं काम शेठनी मला दिलं. बी.ए.चं मराठी एकदाचं कामाला आलं. भाऊजी संध्याकाळी प्रुफं आणून द्यायचे, सकाळी घेऊन जायचे. चूक क्वचितच सापडायची.

आणायला-न्यायला ते येत, तेव्हाच माझ्या लक्षात यायला लागलं. चपला नेहमी एकाच फरशीवर काढायचे. खुर्ची आधी हाताने चाचपायचे. शेजारी ठेवलेला चहा त्यांना दिसत नसे, अगदी समोर धरला तर दिसे. एकदा शालनताईला विचारलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "डोळ्यांचा पडदा सुकत चाललाय म्हणतात डॉक्टर. नळीतून बघावं तसं दिसतं. छापखान्यात ठाऊक नाही. तूही बोलू नकोस."

मी बोलले नाही. पण मग ते टाइप कसं करतात, हे मला तेव्हा समजलं. कागद डोळ्यांजवळ धरायचा, एक एक शब्द बघायचा. नजर कागदावरून हलवायची नाही. बाकीचं बोटं करायची. दुसरीकडे कुठे बघायची गरजच नव्हती.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. मुंबईहून एक माणूस फ्लॉप्या घेऊन आला आणि तासाभरात घालून गेला. नव्या वळणाची सुंदर अक्षरं होती, गिऱ्हाइकं तीच मागत होती, त्यामुळे शेठचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. फक्त सुरुवातीचा तो प्रश्न गेला. टाइपरायटरचा कीबोर्ड काढून टाकला होता. भाऊजींनी विचारलं, तर माणूस म्हणाला, "आता सगळीकडे हाच चालणार, काका. चार दिवसांत सवय होते."

शेठ म्हणाले, "टिपणीस, तुम तो उस्ताद आदमी. हे तुम्हाला काय कठीण?"

जुनी आवृत्ती जुन्या मशीनवर होती आणि जुनं मशीन बदल्यात गेलं होतं.

भाऊजींनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा आणून दिला आणि त्यावर मी जाड पेनाने नवा कीबोर्ड काढला. रोज जेवणं झाली की ते आमच्या टेबलाशी बसायचे, मी शब्द सांगायची, ते पुठ्ठ्यावर बोटं मारायचे. पंचवीस वर्षांची बोटं ती. सगळ्यात नडली ती पहिली वेलांटी. टाइपरायटरवर ती अक्षराच्या आधी मारतात. नव्यात आधी अक्षर, मग वेलांटी.

"माझं हे बोट ऐकतच नाही," ते डाव्या हाताची तर्जनी दाखवून म्हणाले. "आधीच धावतं. मग ती वेलांटी भलत्याच्याच डोक्यावर जाऊन बसते."

"रांगेत घुसायची सवय," शालनताई म्हणाली. तेव्हा तिघंही हसलो.

पण छापखान्यात कीबोर्डकडे बघावं लागे. तिकडे बघितलं की कागदावरची जागा हरवायची. ती सापडली की बोटं चुकायची. प्रुफं माझ्याकडून लाल होऊन परत जायला लागली. एका संध्याकाळी एकाच पत्रिकेत मी एकवीस चुका काढल्या आणि सहज, हसत, म्हणाले, "भाऊजी, आज काय डोळे मिटून केलीत का?"

बोलले आणि जीभ चावली. त्यांनी प्रूफ घडी करून खिशात ठेवलं आणि चपला शोधत गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मला वाटलं, काम नसेल.

काम होतं. बदलापूरकडच्या महिपती म्हात्र्यांच्या मुलीची पत्रिका होती. नव्याने टाइप करायला वेळ लागतो म्हणून भाऊजींनी आदल्या आठवड्याच्या पत्रिकेवरच नावं बदलली होती. त्या आधीच्या वधूचे वडील वारलेले होते. नाव बदललं, नावाच्या आधीचं 'कै.' तसंच राहिलं. प्रूफ त्यांनी स्वतःच वाचलं, नळीतून, एक एक शब्द. माझ्याकडे आणलं नाही.

पत्रिका न्यायला महिपती स्वतः आले. त्यांनी गठ्ठ्यातली एक काढली, वाचली, पुन्हा वाचली. मग काउंटरवर ठेवून म्हणाले, "शेठ, मी त जिता हाय."

आरडाओरडा झाला नाही. तो झाला असता तर बरं झालं असतं, असं भाऊजी नंतर म्हणाले. महिपतींची बायको मात्र दुकानाच्या पायरीवर बसून रडत होती. मुलीच्या लग्नात असला अपशकुन. शेठनी गठ्ठा आत नेला, पत्रिका पुन्हा छापून द्यायचं कबूल केलं आणि भाऊजींकडे वळले. ते काही विचारायच्या आत भाऊजींनीच डोळ्यांचं सांगून टाकलं.

"इतने साल?" शेठ म्हणाले. "मला बोलायचं ना, साईं."

त्यांनी काढून टाकलं नाही. फोनवर बसा म्हणाले. भाऊजी आठवडाभर बसले. शेजारी नवी मुलगी टाइप करत होती. "चांगली करते," ते मला म्हणाले. "पण आवाज तुटक येतो. वाक्य ऐकू येत नाही." पुढच्या सोमवारी ते गेलेच नाहीत.

एक गोष्ट त्यांनी मला कधी विचारली नाही आणि मीही कधी काढली नाही. ते प्रूफ माझ्याकडे आलं असतं तर 'कै.' मला दिसलं असतं. नक्की दिसलं असतं.

आता दुपारी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. शालनताई आत आडवी होते. भाऊजी खिडकीशी बसतात, दोन्ही हात मांडीवर. मी वाचते, बोटं हलतात. कुठला शब्द चाललाय हे मला आता बोटांवरून कळतं. 'विहीर' म्हटलं की तर्जनी आधी धावते, मग बाकीची. मी हल्ली जरा सावकाश वाचते. वाक्य संपलं की त्यांचं शेवटचं बोट टेकेपर्यंत थांबते, मग पुढचं घेते.