मैदान सर्वांचं, फाटक त्यांचं

यशवंत भालेराव गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही. शीळफाट्याच्या पुढे, कल्याणच्या वाटेवर जे मोठं निवासी संकुल उभं आहे, त्याच्या सेक्रेटरींचा फोन आला. भालेराव सरांचा सुटातला एखादा फोटो तुमच्याकडे असेल का, असं ते विचारत होते. कशाला, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "सॉरी हं, मला वाटलं तुम्हाला कळवलं असेल. पहाटे गेले ते. आम्हाला बॅनर करायचाय." सुटातला फोटो माझ्याकडे नव्हता. यशवंतनं उभ्या आयुष्यात सूट घातला नाही आणि त्या संकुलाच्या आत अखेरची काही वर्षं पाऊलही टाकलं नाही. हे मी त्यांना फोनवरच सांगायला हवं होतं. मी "बघतो" म्हणालो… मला आयुष्यभर हे "बघतो" म्हणायची सवय आहे.

त्यानंतर एका पुरवणीत चौकटीत छापून आलं की या दूरदृष्टीच्या माणसानं संकुलातल्या रहिवाशांना गोल्फचं मैदान भेट दिलं. शोकसभेत त्याच्या नावाची संगमरवरी पाटी मैदानाच्या तोंडाशी बसवायची आणि त्याच्या पत्नीच्या, शालिनीवहिनींच्या हस्ते तिचं अनावरण करायचं, असंही ठरलं. वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, मी जाऊ का नको? पाटी लागली की तेच खरं होऊन बसेल." त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. यशवंतनं ते मैदान त्या रहिवाशांना दिलेलं नाही. त्यानं ते कल्याण, डोंबिवली, ठाण्यातल्या येईल त्या माणसासाठी बांधलं. ते बंद झालं, त्याला अनेकांनी हातभार लावला. पहिला हात माझा होता.

मी पालिकेच्या नगररचना विभागात होतो. यशवंत माझ्याकडे आला तेव्हा बगलेत नकाशांची गुंडाळी आणि चेहऱ्यावर भांडणाची तयारी होती. तो आसामातल्या एका कंपनीच्या वसाहतीत स्थापत्य अभियंता म्हणून बरीच वर्षं राहिला होता. तिथे संध्याकाळी कारकून, ड्रायव्हर, दवाखान्यातल्या नर्स सगळे गोल्फ खेळायचे, कारण मैदान होतं आणि कुणी कुणाला हुसकत नव्हतं. तो तिथेच शिकला. कल्याणला परत आल्यावर त्याला कळलं की आपल्याकडे हा खेळ बघायचा म्हटला तरी भिंतीवरून डोकावावं लागतं. शीळफाट्याजवळच्या बंद पडलेल्या दगडखाणीवर मैदानाचं आरक्षण होतं. त्याला तिथे नऊ खड्ड्यांचं छोटं गोल्फचं मैदान करायचं होतं. सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त. मी हसलो. म्हटलं, "भालेराव, इथे लोकांना प्यायला पाणी नाही." तो म्हणाला, "खाणीत साठतं ते कोण पितं? तुम्ही?" पहिल्याच भेटीत असं बोलणारा माणूस मला आवडण्याचं काही कारण नव्हतं. आवडलाही नाही. पुढेही त्याच्याशी माझी मैत्री होती असं म्हणण्यापेक्षा आमचं भांडण फार वर्षं टिकलं, असं म्हणणं जास्त खरं.

पण आराखडा पाहिला आणि गप्प बसलो. मी आयुष्यभर आराखडे पाहिलेत. बहुतेकांत वरून छान दिसण्यापलीकडे विचार नसतो. यशवंतनं विचार केला होता तो आयुष्यात पहिल्यांदा काठी हातात धरणाऱ्याचा. नवख्याचा चेंडू उडत नाही, जमिनीवरून सरपटतो. तर तो सरपटतही खड्ड्यापर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणून समोरून कुठेही पाणी किंवा वाळूचा अडथळा नाही. अडथळे सगळे कडेला आणि मागे, जिथे फक्त चांगला खेळणारा हाव धरून जाईल. खाणीचा खोल भाग पावसाचं पाणी धरायला ठेवला होता. गवत परदेशी नाही, आपली हरळी. "शेतकरी जिला उपटून थकतो, ती आपण लावायची," असं तो खूश होऊन सांगायचा. काठ्या खिडकीवर भाड्यानं मिळणार होत्या. कपड्यांचा नियम नव्हता. लेंगा घालून आला तरी खेळू द्यायचं. आणि सकाळी ठराविक वेळ खेळ बंद ठेवून आजूबाजूच्या लोकांना फिरायला मैदान मोकळं. एकदा तो मला खाणीवर घेऊन गेला आणि हातात काठी दिली. मी फिरवली, चेंडू जागेवरच, मातीचं ढेकूळ उडून माझ्याच बुटावर पडलं. तो म्हणाला, "फाईलसारखी दाबून धरू नकोस. सोड जरा." त्या दिवसापासून आम्ही अरेतुरेवर आलो.

लोकांनी त्याची मनसोक्त टर उडवली. डोंबिवलीतल्या एका शाळेच्या सभागृहात नागरिकांची बैठक होती, तिथे त्यानं नकाशे लावले. मागून एक जण उठला आणि म्हणाला, "काका, आधी फुटपाथ द्या, मग गोल्फ." सभागृह हसलं. यशवंतनं हसू ओसरायची वाट पाहिली आणि म्हणाला, "तुम्ही फुटपाथसाठी काय केलंत ते सांगा, मी दोन्हीसाठी येतो." असं बोलून कुणी माणसं जोडत नाही. एक बाई म्हणाल्या, हे श्रीमंतांचे चोचले. त्यांना तो म्हणाला, "ताई, श्रीमंतांकडे आहे. म्हणून तर तुमच्यासाठी मागतोय." पुरोगामी मंडळींना तो बिल्डरचा माणूस वाटला, बिल्डरांना वेडा वाटला आणि त्याच्याच वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना वाटलं की हा मोठ्या लोकांत मिसळायला बघतोय. त्यांच्यापैकी एकानं तोंडावर विचारलं, "यशवंतराव, आपल्या पोरांना वसतिगृह नाही आणि तुम्ही टेकाडावर चेंडू मारणार?" हे मात्र त्याला लागलं. घरी जाताना रिक्षात तो म्हणाला, "वसतिगृह हवंच. पण आपल्या पोरानं फक्त गरजेचंच मागायचं, हे कुणी ठरवलं?"

फाईल काही हलेना. मी निवृत्त झालो तरी ती होती तिथेच. मग जागामालकाबरोबर एक बांधकाम कंपनी पुढे आली. कायद्यात एक सोय असते: आरक्षित जागेच्या काही भागावर मालकानं इमारती बांधायच्या आणि त्या बदल्यात उरलेल्या भागावर मैदान तयार करून पालिकेच्या ताब्यात द्यायचं. कंपनी म्हणाली, भालेरावांचा आराखडा आम्हाला मान्य आहे, जसाच्या तसा बांधू. यशवंत नको म्हणत होता. त्याला इमारतींच्या कुशीतलं मैदान नको होतं. मी त्याच्या मागे लागलो. महिनोन्‌महिने लागलो. सांगितलं, पालिका स्वतः हे कधीच बांधणार नाही, तुझ्या हयातीत तर नाहीच. हा एकच मार्ग आहे, नियम मला ठाऊक आहेत, मी कागद तपासून देतो. कल्याणला त्याच्या घरी बैठकीच्या खोलीत नकाशा पसरून बसलो होतो. मी क्षेत्रफळ तपासलं, हद्दी तपासल्या, ताब्याची अट तपासली. सगळं चोख होतं. यशवंतनं बोट ठेवून विचारलं, "आणि आत यायचं कुठून?" मी म्हणालो, संकुलाचा रस्ता आहे की. तो म्हणाला, "तो संकुलाचा. मैदानाचा कुठाय?" मी वैतागलो. म्हटलं, "अरे, मैदान पालिकेच्या ताब्यात येतंय. सार्वजनिक आहे. लोकांना कोण अडवणार?"

त्यानं नकाशावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "आमच्या गावची विहीरसुद्धा कागदावर सगळ्यांचीच होती, वैद्य." वहिनी चहा घेऊन आल्या, विषय तिथेच राहिला. पुढच्या आठवड्यात त्यानं होकार दिला. माझ्या शब्दावर दिला.

या एका वाक्यावर मी नंतर फार विचार केला आहे. मला ते ऐकू आलं होतं, पण ते नकाशाबद्दल आहे हे कळलं नाही. मला वाटलं, तो जुनं दुःख बोलतोय. अशा वेळी आपण मान खाली घालून गप्प राहायचं असतं, तसा मी राहिलो. सभ्यपणानं. खरं म्हणजे तो मला नगररचना शिकवत होता. मला आयुष्यात कुणी कुठल्या दारात अडवलेलं नाही. देवळात नाही, विहिरीवर नाही, कुणाच्या घरी नाही. म्हणून जागेची लांबी-रुंदी मोजून मी मोकळा झालो; तिथवर जायची वाट सार्वजनिक आहे का, हे विचारायची मला सवयच नव्हती. एवढा मोठा अधिकारी म्हणवणाऱ्यानं ही चूक करावी, याचं माझ्या खात्यातल्या लोकांना नवल वाटेल. यशवंतला नाही वाटलं.

मैदान झालं, आणि देखणं झालं. यशवंत रोज उन्हात उभा राहून कंत्राटदाराच्या माणसांशी भांडला. एक उतार तर त्यानं पुन्हा पुन्हा खणून करून घेतला, कारण चेंडू थांबायला हवा तिथे थांबत नव्हता. पहिला हिवाळा मी विसरणार नाही. चालवायची जबाबदारी त्यानं या खेळासाठी काढलेल्या मंडळाकडे होती आणि इमारती अजून रिकाम्या होत्या. माणसं खाणीच्या जुन्या ट्रकवाटेनं मागून यायची. टिटवाळ्याहून एक पोस्टमन यायचा, कोलशेतच्या कारखान्यातले तिघे पाळी संपवून यायचे, एक शिक्षिका यायच्या, त्या साडीचा पदर खोचून असा टोला मारायच्या की यशवंत सगळ्यांना खेळ थांबवून बघायला लावायचा. तो स्वतः फार कमी खेळायचा. नुसता हिंडायचा आणि ओरडायचा.

मग इमारतींत माणसं राहायला आली. ट्रकवाट कंपनीच्या जागेतून जात होती. तिथे भिंत उभी राहिली. उरलं संकुलाचं मुख्य फाटक. फाटकावरचा गार्ड विचारायचा, कुठल्या फ्लॅटला जायचंय? मैदानाला फ्लॅट नंबर नव्हता. पोस्टमन दोनदा परत गेला आणि मग आला नाही. शिक्षिकाबाईंना सांगितलं गेलं की कुणा रहिवाशाच्या पाहुण्या म्हणून या. पालिका म्हणाली, मैदान आमच्या ताब्यात आहे, रस्ता नाही. संकुलवाले म्हणाले, आम्ही मैदान बंद कुठे केलंय? ते खरंच बंद नव्हतं. आजही नाही. संध्याकाळी रहिवासी तिथे कुत्री फिरवतात, वाढदिवसाचे फुगे लावतात, आणि पालिकेच्या कागदावर ते सार्वजनिक आहे.

यशवंतलाही एके दिवशी फाटकावर थांबवलं. त्यानंतर संकुलाच्या समितीनं माफी मागितली आणि त्याला आजन्म पास देऊ केला. तो त्यानं सगळ्यांसमोर परत केला आणि माझ्या घरी आला. बसला नाही. म्हणाला, "मी तुला विचारलं होतं." एवढंच. मी म्हणालो, अपील करू, मंत्रालयात जाऊ. तो म्हणाला, "तू कर. तुला सगळीकडे आत सोडतात." मी दोन-तीन अर्ज केले. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग मुलाकडे गेलो… मी थांबलो. तो थांबला नाही. दर रविवारी सकाळी घडीचं स्टूल आणि काठ्यांची पिशवी घेऊन तो फाटकावर जायचा, मैदानावर जायचंय म्हणायचा, नाही म्हटलं की बाहेर रस्त्याकडेला स्टूल मांडून दुपारपर्यंत बसायचा. रहिवाशांनी त्याला 'संडे अंकल' नाव ठेवलं होतं. मी एकदाही त्याच्या शेजारी जाऊन बसलो नाही. गाडीतून जाताना एकदा पाहिलं आणि काच वर केली.

शोकसभेला वहिनी गेल्या. मीही गेलो. आम्हाला फाटकातून आत न्यायला गाडी पाठवली होती. भाषणं झाली, त्यांत 'सर' हा शब्द फार आला. माझी पाळी आली तेव्हा मी वर लिहिलं आहे ते सांगायला सुरुवात केली, तर सेक्रेटरी म्हणाले, "वैद्यसाहेब, आज नको. आज चांगलं बोलू या." मी म्हणालो, चांगलंच बोलतोय, पहिल्यांदाच. मग पाटीवरचा पडदा ओढायला वहिनींना बोलावलं. त्या जागच्या उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "पाटी लावा ना. पण बाहेर फाटकाला लावा, आणि खाली लिहा की मैदानाचा रस्ता इथून आहे." एक तरुण सदस्य म्हणाला, आंटी, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. वहिनी म्हणाल्या, "मग ते नाव इथे नको." पडदा तसाच राहिला. पाटी आता क्लबहाऊसच्या गोदामात आहे, असं ऐकतो. तिथेच असू दे.

त्यानंतरच्या रविवारी वहिनींचा फोन आला. भाऊजी, आज कुणीतरी जायला हवं ना, असं म्हणाल्या. आम्ही दोघं रिक्षानं गेलो. माझ्या खांद्यावर काठ्या, त्यांच्या हातात स्टूल. गार्ड नवा होता, यशवंतला ओळखणारा नव्हता. त्यानं पेन उचललं आणि विचारलं, "किसके यहाँ जाना है?"

वहिनी म्हणाल्या, "आमच्याच इथे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. पेन काही कागदावर टेकलं नाही आणि फाटकाचा दांडाही वर गेला नाही. वहिनींनी रस्त्याकडेला सावली बघून स्टूल उघडलं आणि त्या बसल्या. मी शेजारी उभा राहिलो. पुढच्या खेपेला दुसरं स्टूल आणायला हवं.