देव्हाऱ्याच्या लाकडाचं विमान

पुसदहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला तेव्हा मी शाळेत चौथीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेत होते. सुखदेवभाऊ सकाळी दवाखान्यातच वारले, म्हणाला. कावीळ एवढी चढेल असं कुणाला वाटलं होतं? सुखदेव म्हणजे माझे धाकटे दीर. पस्तिशीही गाठली नव्हती. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायचे. खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे आलं ते विमान...

छप्पन सालच्या बौद्ध दीक्षेनंतर आम्ही घरातले देव नदीत सोडले. सागवानी देव्हारा मात्र कोपऱ्यात तसाच राहिला, रिकामा. देव सोडायला सगळे पुढे, देव्हाऱ्याला हात लावायला कुणी तयार नाही! सासूबाई तर त्याच्याकडे पाठ करून बसतही नसत. भाऊजी तेव्हा नागपूरच्या विमानतळावर हमाली करून परतले होते. तिथलं डाकोटा विमान त्यांनी पावलांनी मोजून आणलं होतं, आणि चार फुटांना एक इंच धरून हुबेहूब तसंच लाकडात करायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. एका दुपारी त्यांनी देव्हारा उतरवला आणि सरळ करवत लावली. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. मी चुलीशी बसून बघत होते. पंख तासून झाले, काचकागद फिरला, आणि त्याच आठवड्यात माझ्या तीन वर्षांच्या सुजाताला सणसणून ताप भरला. अंगभर फोड उठले. देवी आल्या.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी पाय धरले भाऊजींचे, देव्हारा होता तसा जोडून दे म्हणून. आणि मी? शिकलेली सून म्हणून एरवी मिरवायची, पण पोर तडफडत होती हो. मीही गेले. म्हटलं, "भाऊजी, जाळून टाका ते. माह्या लेकरासाठी."

त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. म्हणाले, "वहिनी, मलेही भेव लागून राह्यलं. पण आज हे जाळलं, तं पोरगी बरी झाली तरी आपण जन्मभर भेवातच राहू."

मग विमान घेऊन ते तिच्या खाटेपाशीच येऊन बसले. त्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून जवळ बसायला हरकत नव्हती. फटींत खडू-तेलाची लांबी भरायची, सुकली की घासायची, पुन्हा भरायची. खिळ्याच्या टोकानं खिडक्या कोरल्या. रुपेरी रंगाचे पातळ हात एकावर एक दिले. खारीच्या केसांच्या कुंचल्यानं शेपटावर पट्टे ओढले. पोर कण्हली की कुंचला थांबायचा, डोळे मिटून घ्यायचे... मला त्यांचा आधार वाटायचा आणि तितकाच संतापही यायचा.

सुजाता वाचली. डावा डोळा गेला. सासूबाई म्हणाल्या, देवीनं डोळा घेतला. भाऊजी म्हणाले, पोर राहिली ना. मी दोघांचंही खरं मानत आले, जशी वेळ येईल तसं. शाळेत मुलांना ठणकावून सांगते, देवी हा रोग आहे, टोचून घ्या. घरी आले की मलाच कुणीतरी सांगायला हवं.

आता भाऊजी भर उमेदीत गेले आणि तीच कुजबुज पुन्हा उठली. त्यांना न्यायच्या वेळी सासूबाईंनी विमान माझ्या हातात दिलं, चितेवर ठेव म्हणाल्या. बरं वाटलं मला, खरंच सांगते. सुटलो एकदाचे! अंगणात आले तर सुजातानं वाट अडवली. तेरा वर्षांची झाली आहे आता. रडून चेहरा सुजलेला. तिनं माझ्या हातातून ते काढून घेतलं.

"काकाले न्या," म्हणाली. "हे माह्यं हाय."

विमान आता तिच्या पुस्तकांजवळ असतं. दर रविवारी ती ते ओल्या फडक्यानं पुसते, आधी पंख, मग चाकं, मग एकेक खिडकी, काका पुसायचे तसंच. मी दारात उभी असते. पुसून होईपर्यंत जीव टांगणीला. मग वेणी घालायच्या निमित्तानं तिला जवळ ओढते आणि कपाळ गरम तर नाही ना, ते हळूच पाहून घेते.