लिटरला सात, विट्यापर्यंत

साताऱ्यातून निघतानाच मला बूट काढून बसायला लावलं होतं. गाडी धनाजीची. धनाजी माझा शाळेतला दोस्त, विट्याजवळच्या खेड्यातला. आता कोइमतूरला त्याची गलाई आहे (जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याचा धंदा). त्यानं हायब्रिड सुपरकार घेतली होती. पेट्रोलचं इंजिन, जोडीला बॅटरी, आणि सीटा दोनच. त्यांच्या घरी नव्या गाडीत सगळ्यात आधी आई बसते, हा पहिल्या मोटारसायकलपासूनचा शिरस्ता. म्हणून माझ्या सीटवर टॉवेल अंथरला होता.

"तू बसलायस, पर हिशेबात धरायचा न्हाईस," तो म्हणाला. "आई बसली की मगच गाडी आपली. तिला बसवायची, आन् संध्याकाळी माघारी फिरायचं."

गाडी बॅटरीवर, जराही आवाज न करता निघाली. हायवेला लागल्यावर त्यानं पाय दाबला, पाठीमागं इंजिन गरजलं आणि माझी पाठ सीटला चिकटली. अहाहा! लोक असल्या गाड्यांपायी वेडे का होतात ते कळलं. पण नागठाण्याच्या अलीकडंच बॅटरी संपली. गावात गुपचूप शिरायची त्याला हौस, म्हणून त्यानं इंजिनावरच बॅटरी भरायला लावली. पेट्रोल जाळून वीज साठवायची आणि त्या विजेनं पेट्रोल वाचवायचं! मी हसलो, तो चिडला.

चहालाही तो थांबेना. कराडला थांबलो ते पेट्रोलसाठी. पंपावर लगेच घोळका जमला. एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "ॲव्हरेज काय देती?"

"कंपनी लय सांगती. खरं म्हंजे लिटरला सात."

"सात? आन् बसायला दोघंच? आवं, मग पळत गेल्यालं बरं की!"

सगळे खो खो हसले. धनाजीही हसला, पण ओढूनताणून.

कडेगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या आणि गतिरोधक. गाडीचं नाक वर उचलायचं बटण होतं, तरी पोट घासायचंच. दर गतिरोधकाला मी अनवाणी उतरून खाली वाकायचो. तळपाय भाजले. धनाजी सारखा घड्याळ बघायचा आणि त्याची घाई मलाही लागायची.

गावात मात्र गाडी चोरपावलांनी शिरली. आई ओवाळायला ताट घेऊन दारातच उभी होती. अर्धा गाव जमला. ओवाळून झालं, धनाजीनं टॉवेल काढला, दार उघडलं. आईनं एक पाय आत घातला आणि थांबली. सीट तिच्या गुडघ्याच्याही खाली होती.

"न्हाई रं जमत, धना. बसली तर उठू कशी?"

"मी उचलतो की!"

"सगळ्या गावाम्होरं? गप."

धनाजीचं तोंड एवढंसं झालं. "गुडघं दुखत्यात, हे तू कवा सांगितलंच न्हाईस," तो पुटपुटला.

"तू कवा इचारलंस?" आई म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता, तेच मला लागलं.

मग तिनंच तोड काढली. "चल, देवळापातूर जाऊ. तू चालीव, मी येती चालत."

गाडी इतकी बुटकी, की वासराच्या पाठीवर ठेवावा तसा तिचा हात छपरावर बसला. ती थांबली की गाडी थांबायची, ती निघाली की निघायची. सगळं बॅटरीवर. पेट्रोल जाळून साठवलेली वीज शेवटी इथं कामाला आली. देवळाशी आई दम खात उभी राहिली आणि खिडकीत वाकून म्हणाली, "माज्यासंगट येवढा हळू कवा चालला न्हाईस, धना."

त्यानं स्टेअरिंगवर डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही.

दिवस कलल्यावर मी निघायची घाई केली, तर तो म्हणाला, "तू जा गड्या एसटीनं. उद्या तिला सांगलीला दवाखान्यात न्यायची हाय."

"ह्या गाडीतनं?"

"न्हाई रं. शेजाऱ्याची जीप सांगितलीया."

विट्याहून एसटीत उभ्यानं साताऱ्याला परतलो. त्या गाडीचं खूळ काही डोक्यातून जाईना, तो आवाज अजून कानात होता. इतकी वर्षं धनाजी गावी यायचा आणि आल्या पावली जायचा. आता एवढी पळणारी गाडी घेतली, आणि तिच्यापायी तो घरी थांबला. मला राहून राहून हसू येत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.