लायनफिशची टाकी साफ करणारी बाई

आईच्या डायलिसिससाठी दर मंगळवारी मुलुंडच्या हॉस्पिटलात जायचो, तेव्हा ती दिसायची. तिथल्या वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती आणि तिच्यात एक लायनफिश विषारी काटे पसरून संथ फिरायचा. पन्नाशीची ही बाई टाकी साफ करायला यायची. कोपरापर्यंत हातमोजे चढवायची, मासा कुठे आहे ते बघायची, जाळी लावून त्याला एका बाजूला करायची आणि मगच पाण्यात हात घालायची. कितीही घाई असली तरी हा क्रम तिने कधी मोडला नाही.

तरीही एका मंगळवारी जाळीच्या फटीतून काटा आला आणि मोज्यातून थेट तिच्या बोटात घुसला. तिने हात झटकन बाहेर काढला.

"दादा, गरम पाणी आणता का? त्याने या विषाची कळ कमी होते."

मी पँट्रीतून बादलीभर आणलं. "घाला लवकर हात," म्हटलं.

"थांबा. आधी चांगल्या हाताने बघते. दुखऱ्या हाताला गरम किती ते कळत नाही. भाजून घेतो तो."

तिने डाव्या हाताने अंदाज घेतला, थोडं गार पाणी ओतलं आणि मग बोट बुडवलं. डॉक्टर तिला तपासायला आत घेऊन गेले.

डॉक्टरांनी सुचवलेल्या आईच्या ऑपरेशनला हो म्हणायचं की नाही, याचा आठवडाभर मी एकटाच विचार करत होतो. बाहेर येऊन डोंबिवलीच्या बहिणीला फोन लावला.

"ताई, तू ये गं," म्हटलं. "मला एकट्याला काही कळत नाहीये."