वंदनाची बैठक

खोगिराला तेल लावताना कातड्याचा वास आला, की मला हिंगणघाटच्या मैदानावरची वंदना आठवते. मी तेव्हा नुकताच घोडेस्वारी शिकवू लागलो होतो. ती सारखी डावीकडे कलायची.

“सरळ बस!” मी सगळ्यांसमोर ओरडलो.

“सर, मी सरळच बसून राह्यली नं!”

मला तो उद्धटपणा वाटला. मी तिला खाली उतरवलं.

वर्षानुवर्षं एका बाजूला झुकलेल्या अंगाला तेच सरळ वाटतं, हे आता मी नव्या प्रशिक्षकांना शिकवतो. त्या दिवशी वंदनानं मैदानावरचे बूट काढून स्वतःच्या चपला घातल्या. डाव्या चपलेचा तळ उजवीपेक्षा बोटभर जाड होता. मला तो दिसला. तरीही मी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.